घर वाढलं, पॉलिसी तेवढीच

पुसदमध्ये घर एका दमात बांधून होत नाही. आधी तळमजला, मग पाच-सात वर्षांनी हाताशी पैसा आला की वरचा. म्हणून कितीतरी घरांच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया उभ्या ठेवलेल्या दिसतात. गंजू नयेत म्हणून कुणी त्यांना सिमेंटचं पाणी मारतं, कुणी प्लॅस्टिकची बाटली उपडी घालतं. पुढच्या मजल्याची एवढी काळजी घेणारा माणूस विम्याचा विषय निघाला की म्हणतो, "कर्जासोबत विमा काढला नं भाऊ. आता वर काही बांधा, त्यातच येते."

नाही येत. हे वाक्य लग्नाच्या पंगतीत, बांधकामाच्या साइटवर, बँकेच्या रांगेत इतक्यांदा कानावर आलं आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं.

गैरसमज : एकदा विमा काढला की घरात पुढं जे वाढेल ते आपोआप विम्यात येतं.

वस्तुस्थिती : विमा नियामक 'इर्डाई'नं 1 एप्रिल 2021 पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. कंपनी कोणतीही असो, मूळ मसुदा एकच. त्यात कशाची भरपाई मिळणार नाही, याची यादी आहे, आणि वाढीव बांधकाम त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. पॉलिसी सुरू होताना किंवा तिचं नूतनीकरण होताना घराचं जे चटईक्षेत्र होतं, ते 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवणारं बांधकाम विम्यात धरलं जात नाही. ते धरायचं असेल तर जादा हप्ता भरून पॉलिसीत तशी नोंद, म्हणजे एन्डॉर्समेंट, करून घ्यावी लागते.

10 टक्के म्हणजे किती? 600 चौरस फुटांच्या घराला 60 चौरस फूट. मागच्या अंगणात 10 बाय 12 ची एक खोली काढली तरी ती 120 होते. वरचा मजला तर दूरच राहिला, एका खोलीतच मर्यादा दुपटीनं ओलांडली जाते.

आता पैशाचा हिशोब बघा. विम्याची रक्कम ठरते ती चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी. जागेची किंमत त्यात नसते. समजा दर चौरस फुटाला 1,800 रुपये धरला, तर 600 फुटांच्या घराचा विमा 10 लाख 80 हजारांचा. वर तेवढाच मजला चढवला तर घर 21 लाख 60 हजारांचं झालं, पण कागदावर 10 लाख 80 हजारच राहिले. आग लागली तर वरच्या मजल्याच्या नुकसानीचा दावा तुम्ही कशाच्या आधारावर करणार?

इथं काही जण हुशारीनं सांगतात, "रक्कम दरवर्षी 10 टक्के आपोआप वाढते, त्यात निभून जाते." अनेक वर्षांच्या पॉलिसीत ती तशी वाढते, हे खरं. पण सिमेंट-सळई आणि मजुरी महागते, ते भरून काढण्यासाठी ही वाढ आहे. तिनं रक्कम वाढते, नोंदलेलं क्षेत्रफळ वाढत नाही. हा फरक एजंटनं सांगायला हवा आणि आपणही विचारायला हवा. 10 वर्षांची पॉलिसी एकदा काढून कपाटात ठेवणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्यांच्याकडं दरवर्षीच्या नूतनीकरणाचा प्रसंगच येत नाही.

उपाय अवघड नाही. काम काढण्याआधी कंपनीला लेखी कळवा, नवीन मोजमाप द्या, हप्त्यातला फरक भरा आणि नोंदीचा कागद हातात घ्या. तोंडी सांगितलेलं दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

गैरसमज : भिंतीला भेग गेली की विमा आहेच.

वस्तुस्थिती : आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर तिच्यासोबत हलतं. जमीन खचणं आणि दरड कोसळणं विम्यात आहे. पण नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव टाकलेल्या जमिनीचं खचणं, सदोष आराखडा किंवा साहित्य, आणि आपणच केलेली तोडफोड, खोदकाम किंवा संरचनेतले बदल यांमुळं झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं आहे. म्हणून वरचा मजला चढवण्याआधी पाया तो भार पेलेल का, हे इंजिनिअरकडून तपासून घ्या. तो खर्च वाचवलात तर पुढं भेगांचा खर्च तुमच्याच खिशातून जाईल.

आणखी काही, थोडक्यात

*स्लॅब गळतो, कंपनी दुरुस्त करून देईल.* नाही. विमा अचानक आलेल्या, पॉलिसीत नाव घेतलेल्या संकटांचा असतो. पाण्याची टाकी किंवा पाइप फुटला तर भरपाई आहे, वर्षानुवर्षं मुरलेल्या ओलीला नाही. वॉटरप्रूफिंग मृगाआधी आपणच करायचं.

*शॉर्टसर्किटला काहीच मिळत नाही.* जळालेल्या उपकरणाची भरपाई मिळत नाही, पण त्यातून पसरलेल्या आगीनं झालेल्या बाकी नुकसानीची मिळते.

*छतावरचं सोलर विम्यात येत नाही.* येतं. पॉलिसीच्या व्याख्येत सौर पॅनल, कंपाउंडची भिंत, सेप्टिक टँक, पाण्याची पक्की टाकी हे सगळं घराचाच भाग आहे. मात्र विम्याची रक्कम ठरवताना त्यांची किंमत धरायला हवी.

*रक्कम कमी लिहिली तर दावाच कापतात.* जुन्या आग विम्यात त्या प्रमाणात कपात व्हायची. या पॉलिसीत ती अट काढली आहे. नोंदलेल्या रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मिळतं.

*कर्जाचा विमा म्हणजे घराचा विमा.* बहुतेकदा तो कर्जदाराच्या जीवनाचा असतो. पॉलिसीचं पहिलं पान उघडून बघा.

*आपल्याकडं काय होणार आहे?* जुलै 2023 मध्ये शेजारच्या महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्याला पुरानं वेढलं आणि हवाई दलाचं हेलिकॉप्टर मागवावं लागलं. 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे भूकंप झाले. पूर आणि भूकंप दोन्ही या पॉलिसीत आहेत, पण कागदावर नोंदलेल्या घरापुरते.

तेव्हा या रविवारी कपाटातली पॉलिसी काढा, त्यातलं चटईक्षेत्र वाचा आणि टेप घेऊन घर मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर सोमवारी पहिलं काम कंपनीला अर्ज लिहिण्याचं.