कडा बंद, तळ उघडा

केळझरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बोटासाठी हिऱ्याची अंगठी घडवायची, तर कोंदणाचा विचार आधी करावा. बारीक आकड्यांत धरलेला खडा उठून दिसतो, पण आकड्यांत कापसाचे तंतू अडकतात. हिरा सर्वांत कठीण खरा, तरी ठरावीक दिशांनी तो फटकन चिरतो. टोकदार कोपऱ्यांना तर जपावंच लागतं. म्हणून मी सभोवार सोन्याची पट्टी सुचवेन.

चमक जाईल? फारशी नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२. मागच्या पैलूवर सुमारे २४ अंशांहून तिरपा पडलेला किरण पूर्ण परावर्तित होतो. तिथे खोबरेल माखलं, की हीच मर्यादा ३७ अंशांवर जाते आणि प्रकाश मागून निसटतो. तेव्हा तळ उघडा ठेवायला सांगा. साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने तो घासता येतो.