खुब्याची उखळ

तुळशीबागेत खरेदीस आलेली एखादी माता मूल कडेवर घेऊन उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. मुलाचा एक पाय तिच्या पोटाकडे, तर दुसरा पाठीकडे असतो. ही बैठक सोयीची तर खरीच. पण मुलाच्या हिताचीही आहे. ती का, हे कळण्यासाठी पाय मुळात कसे घडतात ते पाहू.

गर्भ सुमारे चार आठवड्यांचा झाला, की त्याला प्रथम हातांचे व एक-दोन दिवसांनी पायांचे अंकुर फुटतात. त्या वेळी तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब असतो. पुढे अंकुराचे टोक वल्ह्यासारखे चपटे होते. बोटांमधील पेशी नाहीशा होतात आणि आठव्या आठवड्याच्या अखेरीस बोटे सुटी होतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हात, पाय व डोके यांचे पाच पिंड तिसऱ्या महिन्यात प्रकट होतात, असे म्हटले आहे. आजच्या शास्त्राला पायांचे अंकुर त्याहून पुष्कळ आधी दिसले आहेत. परंतु अंकुरातून अवयव घडतो, ही दृष्टी किती जुनी आहे!

मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याला सामावून घेणारी कमरेच्या हाडातील उखळ यांचा मिळून खुब्याचा सांधा होतो. आरंभी ही दोन्ही एकाच गोळ्यात असतात. सातव्या-आठव्या आठवड्यात त्यांच्यामध्ये फट पडते आणि अकराव्या आठवड्याच्या सुमारास सांधा आकारास येतो. पुढे गर्भ पाय हालवितो, लाथा मारतो. या हालचालींमुळेच माथा व उखळ एकमेकांस नीट जुळतात.

परंतु जन्माच्या वेळीही हे काम पुरे झालेले नसते. उखळ तेव्हा उथळ व बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधले, तर माथा उखळीतून निसटण्याचा संभव असतो. उलट पाय गुडघ्यांत वाकलेले व फाकलेले असले, की माथा उखळीच्या मध्यावर टेकतो आणि ती खोल होत जाते. कडेवरच्या बैठकीत नेमके हेच घडते. निसटलेला सांधा वेळीच ओळखला, तर बहुधा मऊ पट्ट्यांनीही जागी राहतो. उशीर झाला, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

उखळीची तीन हाडे तर तुमच्यासारख्या कुमारवयात एकजीव होतात. म्हणून घरात तान्हे भावंड आले, तर त्याला ऊब अवश्य द्यावी. पण त्याचे पाय मोकळे ठेवावेत. उदरात सुरू झालेली घडण त्याला अजून पुरी करावयाची असते.