गुडघ्याचा एमआरआय: दिसतं ते आणि दुखतं ते

‘गॅप कमी झालीय, गादी झिजलीय,’ असं एक्स-रे पाहून सांगतात. त्यामुळे ही गादी, म्हणजे कूर्चा, एक्स-रेमध्ये दिसते असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात तिथे दिसतात ती हाडं आणि त्यांच्यामधलं अंतर. कूर्चेचा फक्त अंदाज बांधायचा. हे अंतर दोन हाडांमधली मेनिस्कसची चकती जागेवरून सरकल्यानेही कमी होतं. उलट, एक्स-रे झोपवून काढला तर झीज असूनही अंतर ठीक दिसू शकतं. एक्स-रे चांगला आला म्हणून कूर्चा शाबूत आहे, असं म्हणता येत नाही.

एमआरआय कूर्चा थेट दाखवतो. तिच्यात सुमारे 65 ते 80 टक्के पाणी असतं आणि एमआरआय त्या पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत टिपतो. यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे किरणोत्सर्गाची भीती नको.

पण नेहमीच्या एमआरआयमध्येही अगदी सुरुवातीची झीज निसटू शकते. कूर्चा पातळ होण्याआधीच तिच्यातली कोलॅजनची जाळी सैल होते आणि पाणी धरून ठेवणारे प्रोटिओग्लायकन घटतात. हा बदल पकडायला टी-2 मॅपिंगसारखी तंत्रं आहेत. डीजेमरिक हे त्यातलं मला सर्वांत सुंदर वाटतं. यात ऋणभारित गॅडोलिनियम-संयुगाचं इंजेक्शन देऊन रुग्णाला थोडं चालवतात आणि तासा-दीड तासाने स्कॅन करतात. प्रोटिओग्लायकनवरही ऋणभारच असतो. त्यामुळे निरोगी कूर्चा औषधाला दूर लोटते आणि कमजोर जागी ते आत शिरतं. ही तंत्रं अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात.

सर्वांत त्रासदायक गैरसमज म्हणजे एमआरआयमध्ये दिसलेला दोष हेच दुखण्याचं कारण, असं धरून चालणं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये पन्नाशी ओलांडलेल्या, एक्स-रेमध्ये संधिवाताची खूण नसलेल्या 710 जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय तपासले गेले. 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 89 टक्के लोकांत काही ना काही बिघाड, 69 टक्क्यांत कूर्चेची हानी. गुडघा न दुखणाऱ्यांतही हे प्रमाण जवळपास तेवढंच होतं. कूर्चेला स्वतःचे चेतातंतूच नसतात. वेदना येते ती हाड, सांध्याचं आवरण आणि आसपासच्या ऊतींतून. रिपोर्टमधला झिजेचा ‘ग्रेड’ वाचून चालणं सोडणाऱ्यांना हे कुणीतरी शांतपणे सांगायलाच हवं.

पंचेचाळिशीनंतर हालचालीबरोबर गुडघा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत नसेल, तर ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निदानाला एरवी स्कॅन लागत नाही. मार लागून गुडघा सुजला, अडकून बसला किंवा दुखण्याचं चित्र वेगळंच असलं, तर मात्र एमआरआयबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.