मध्यभागाचा मोह

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि नजर त्याच्या नखावर खिळवा. आता नजर न हलवता समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरचे बाजूचे अंक वाचून पाहा. वाचता येत नाहीत ना? आपल्या दृष्टिपटलावर पीतबिंदू नावाची इवलीशी जागा असते. तिच्या मध्यावर प्रतिमा अगदी स्पष्ट उमटते. पण तेथे मावणारे क्षेत्र सुमारे २ अंशांचे, म्हणजे जवळजवळ त्या नखाएवढेच! म्हणून जे पाहायचे त्याकडे डोळा वळवून आपण ते नजरेच्या मध्यावर आणतो. कॅमेरा हाती आला तरी ही सवय सुटत नाही.

समजा, आजी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते आहे. तुम्ही जवळ जाऊन तिचा चेहरा चौकटीच्या मधोमध आणता व बटण दाबता. चित्र पाहावे तर डोक्यावर भलीमोठी काळवंडलेली भिंत, आणि भाकरी थापणारे हात चौकटीबाहेर! टिपायचे होते ते हातच. चेहरा वर, थोडा एका बाजूला घेतला असता, तर हात आणि परात खाली सहज मावली असती. चित्र पाहणाऱ्याचा डोळाही एका जागी थांबत नाही. सेकंदाला दोनतीन उड्या मारत तो चित्रभर हिंडतो. चेहऱ्यावरून हातांकडे जाण्याची वाट त्याला मिळाली पाहिजे.

जागा कशी ठरवावी? पुठ्ठ्यात १८ सेंमी. लांब व १२ सेंमी. रुंद खिडकी कापा. लांबीवर दर ६ सेंमी.वर व रुंदीवर दर ४ सेंमी.वर दोरे ताणून चिकटवा. नऊ चौकोन आणि दोऱ्यांचे चार छेदबिंदू मिळतील. मुख्य वस्तू यांपैकी एका बिंदूजवळ आणून पाहा. बहुतेक मोबाइलमध्ये अशा रेषा पडद्यावर आणण्याची सोय असतेच, पण पुठ्ठ्याने नजर अधिक चांगली तयार होते. या विभागणीला 'तृतीयांशाचा नियम' हे नाव इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली दिले. निसर्गचित्रात जमीन आणि आकाश यांना निम्मी निम्मी जागा देऊ नये, एकाला सुमारे दोन तृतीयांश द्यावी, असे त्याचे म्हणणे होते.

धावणारा मुलगा उजवीकडे निघाला असेल, तर त्याला डावीकडच्या रेषेवर घ्या, म्हणजे पुढे धावायला जागा राहील. उलट केलेत तर तो चौकटीवर आपटणार असे वाटते! ताजमहालासारखी दोन्ही अंगांनी सारखी असलेली वास्तू मात्र खुशाल मधोमध घ्या. तिचे सौंदर्य त्या समतोलातच आहे.

वस्तू बाजूला घेताना केंद्रीकरण तिच्यावरच झाले आहे ना, हे पाहा. मोबाइलच्या पडद्यावर त्या वस्तूवर बोट टेकवले की काम होते. आणि अगदी कडेला कोणाला नेऊ नका. मोबाइलचे मुख्य भिंग बहुधा विस्तृत क्षेत्र टिपणारे असते. त्यातून कडेचे चेहरे ताणल्यासारखे उमटतात. वर्गाच्या छायाचित्रात टोकाला उभी असलेली मुले उगीचच लठ्ठ दिसतात, ती यामुळेच.