आधी घार नीट पाहावी

शहरातल्या मासळी बाजारावर, खाटीकखान्यावर किंवा कचऱ्याच्या ढिगावर घिरट्या घालणारी घार इतकी ओळखीची आहे की तिच्यासाठी कोणी मान वर करत नाही. पण शिकारी पक्षी ओळखू पाहणाऱ्याने नेमकी तिच्यापासूनच सुरुवात करावी. या पक्ष्यांचे रंग वयानुसार आणि नर-मादीनुसार बदलतात, शिवाय पक्षी बहुधा उंचावर आणि उन्हाविरुद्ध, म्हणजे नुसती काळी आकृती होऊन दिसतो. त्यामुळे रंगावर विसंबणारा हमखास फसतो. शेपटीची घडण, पंख धरण्याची ढब आणि उडण्याची रीत या तीन गोष्टी मात्र दुरूनही कळतात, आणि त्या मोजण्यासाठी लागणारे माप घारीच्या रूपाने रोज डोक्यावर फिरत असते.

घारीच्या शेपटीच्या टोकाला मधोमध उथळ खाच असते. शेपटी पंख्यासारखी पसरली की ही खाच दिसेनाशी होते, म्हणून तेवढ्या एका खुणेवर थांबू नये. वळताना ती शेपटी सुकाणूसारखी कधी डावीकडे तर कधी उजवीकडे पिळते, आणि ही खूण सहसा दगा देत नाही. पंखांच्या टोकांची पिसे हाताच्या बोटांसारखी सुटी दिसतात. पंखाच्या टोकाशी हवेचे भोवरे तयार होऊन पक्ष्याला मागे ओढत असतात, आणि सुटी पिसे तो एक मोठा भोवरा लहान लहान भोवऱ्यांत वाटून ही ओढ कमी करतात. जमीन तापल्यावर वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या झोतांवर घार पंख न हलवता तरंगते ती याच पिसांच्या आधारे. सकाळी ऊन चढेपर्यंत घारी झाडांवर बसून का राहतात, याचेही उत्तर त्या झोतांतच आहे.

हे माप एकदा डोळ्यांत बसले की वेगळेपण आपोआप टोचू लागते. कोकण-गोव्याच्या बंदरांवर विटकरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची आणि गोल शेपटीची दिसते ती ब्राह्मणी घार. पंख फळीसारखे रुंद आणि शेपटी त्या मानाने आखूड असेल, तर गरुडाचा विचार करावा. हिवाळ्यात बारामती, इंदापूर, सोलापूरकडच्या माळरानांवर गवताच्या शेंड्यांना जवळजवळ घासत, पंख इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे उचलून, डुलत डुलत जाणारा सडपातळ पक्षी हा भोवत्या. त्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखे पिसांचे कडे असते आणि ते गवतातली बारीक खसखस कानांकडे वळवते. या पक्ष्यांच्या माद्या आणि पिल्ले यांची जात ठरवताना मुरलेले पक्षीनिरीक्षकही पैज लावत नाहीत, तेव्हा नवशिक्याने ‘भोवत्या’ एवढ्यावर समाधान मानण्यात कमीपणा नाही. रात्री हे पक्षी उंच गवतात, जमिनीवरच, घोळक्याने मुक्काम करतात. सरकारी कागदावर ‘पडीक’ ठरलेली ती जमीन नांगरली गेली की त्यांचा निवारा गेला.

याच माळावर दोन पक्षी जागच्या जागी पंख फडफडवत हवेत थबकतात. त्यांपैकी कापशी बारमाही राहणारी, कावळ्याहून लहान, राखी-पांढरी, खांद्यावर काळा डाग आणि गुंजेसारखे लाल डोळे असलेली. विजेच्या तारेवर बसली की शेपटी वरखाली हलवत राहते. उंदीर दिसल्यावर ती एकदम कोसळत नाही, तर पंख पाठीवर उभे धरून, पाय खाली सोडून, मध्ये एखाद्या पायरीवर पुन्हा थबकत उतरते. दुसरी खरुची, हिवाळी पाहुणी, विटकरी पाठीची आणि लांब शेपटीची. वाऱ्याने तिचे अंग हेलकावले तरी डोके मात्र काही मिलिमीटरही हलत नाही, कारण नजर डळमळली तर खालचा नाकतोडा गवतात मिसळून जाईल.

शहरातल्या बागांमध्ये डोळ्यांआधी कान कामाला येतात. बुलबुल आणि खारी एकाएकी ओरडू लागल्या की आसपास शिक्रा असण्याची शक्यता मोठी. आकाराने कबुतराएवढा, आखूड गोलसर पंखांचा आणि लांब शेपटीचा हा पक्षी फांद्यांमधून झपकन वळू शकतो. चार फडके मारून थोडे तरंगायचे, ही त्याची चाल. येथे एक सापळा मात्र आहे. ‘पेरते व्हा’ अशी हाक देणारा पावशा रंगाने, उडण्याने, अगदी फांदीवर टेकण्याच्या ढबीनेही शिक्र्याची नक्कल वठवतो. या सोंगाला घाबरून सातभाई घरट्यापासून दूर झाले तर त्याच्या मादीला तेथे अंडे घालणे सोपे जाते, असे मानले जाते. चोच पाहिली की सोंग उघडे पडते: शिक्र्याची चोच आकड्यासारखी वाकडी, पावशाची तशी नाही.

टोकदार पंखांचे ससाणे याच घराण्यातले वाटतात, पण 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ते घारी-गरुडांपेक्षा पोपटांना जवळचे असल्याचे दाखवले. सारख्या धंद्याने सारखी हत्यारे घडवली, एवढेच. सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा असतो. नोव्हेंबरच्या सुमारास मात्र महाराष्ट्राच्या आकाशातून, बहुतेकांच्या नकळत, अमूर ससाणे जातात. त्यांचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. ईशान्य आशियातून निघून, नागालँड-मणिपूरमध्ये वाळवीवर पोट भरून घेतलेले हे पक्षी किनारा मागे टाकतात, आणि त्यानंतर आफ्रिकेपर्यंत खाली फक्त अरबी समुद्र असतो.