पळणारा एक, वाट करणारे पाच

31 डिसेंबर 2024 रोजी ॲरिझोनातल्या ग्लेनडेलमध्ये ‘फिएस्टा बोल’चा सामना सुरू झाला, तेव्हा बॉयझी स्टेट विद्यापीठाच्या ॲश्टन जेंटीला एका हंगामात धावून मिळवलेल्या यार्डांचा बॅरी सँडर्सचा विक्रम मोडायला 132 यार्ड हवे होते. पेन स्टेटच्या बचावफळीने तीस धावांत त्याला 104 यार्डांवर रोखलं. हंगामाची बेरीज झाली 2,601. सँडर्सचे 1988 सालचे यार्ड 2,628. सँडर्सने ते अकरा सामन्यांत मिळवले होते आणि त्या काळी ‘बोल’ म्हणजे हंगामोत्तर सामन्यातले यार्ड हिशेबात धरतच नसत. जेंटीचे चौदा सामने झाले. म्हणजे आकडे शेजारीशेजारी ठेवले, तरी ते एका मापाचे नाहीत. एप्रिलमध्ये ग्रीन बे शहरात व्यावसायिक लीगचा, म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट, नव्या खेळाडूंची निवड, होता. या एकवीस वर्षांच्या मुलाचं मोल तोवर बत्तीस क्लबांना ठरवायचं होतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन गर्दीत घुसणारा तो रनिंग बॅक. आपल्या कबड्डीतला चढाईपटू समोरच्यांच्या अंगणात एकटा शिरतो, त्यामुळे त्याचे गुण बव्हंशी त्याचेच. रनिंग बॅकच्या पुढे मात्र स्वतःच्या संघाचे पाच अगडबंब लाइनमन वाट करत असतात. त्याच्या खात्यावर पडलेल्या दहा यार्डांपैकी त्याचे किती आणि त्या पाचांचे किती, हा या पारखीतला कळीचा प्रश्न. बाकी सगळं त्याच्या अवतीभवती फिरतं.

त्यासाठी हल्ली प्रत्येक धावेचे दोन तुकडे पाडतात: प्रतिस्पर्ध्याचा पहिला हात लागेपर्यंतचे यार्ड आणि त्यानंतरचे. पहिले ढोबळमानाने लाइनचे, दुसरे धावणाऱ्याचे. जेंटीचे जवळजवळ तीन चतुर्थांश यार्ड दुसऱ्या प्रकारचे निघाले. उंची जेमतेम पाच फूट साडेआठ इंच, वजन सुमारे 96 किलो. चेंडू हातात येईपर्यंत हात सैल सोडून सरळसोट उभा राहणार, आणि मग अंगावर आलेले दोघे-तिघे झटकून निसटणार. पण बॉयझी स्टेट तेव्हा ‘माउंटन वेस्ट’ या दुय्यम गटात खेळत होतं. तिथल्या बचावपटूंना झटकणं वेगळं आणि रविवारी व्यावसायिकांना झटकणं वेगळं. म्हणून ओरेगॉनविरुद्धच्या सामन्याची चित्रफीत (25 धावा, 192 यार्ड) आणि पेन स्टेटविरुद्धची ही 104 यार्डांची, या दोन माझ्या मते बाकी बारांपेक्षा जास्त बोलतात.

घड्याळाची मात्र चर्चा फार. 1987 पासून इंडियानापोलिसमध्ये ड्राफ्टपूर्व चाचण्यांचं ‘कंबाइन’ भरतं आणि चाळीस यार्डांची धाव सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजली जाते. 2008 मध्ये क्रिस जॉन्सनने ती 4.24 सेकंदांत काढली. टेनेसीने त्याला पहिल्या फेरीत घेतलं आणि दुसऱ्याच हंगामात त्याने 2,006 यार्ड काढले. घड्याळवाल्यांना आणखी काय हवं? त्याच 2008 मध्ये विश्लेषक बिल बार्नवेल यांनी ‘स्पीड स्कोअर’ मांडला: वजनाला दोनशेने गुणायचं आणि वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं, म्हणजे जड माणसाच्या वेगाला न्याय मिळतो. कल्पना चांगली आहे. पण कॉलेजात असताना ‘हळू’ म्हणून नाकं मुरडली गेलेला एमिट स्मिथ 1990 मध्ये सतराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि 18,355 यार्ड काढून निवृत्त झाला. तो विक्रम अजून उभा आहे. फट कधी उघडणार याचा अंदाज घेऊन अर्धं पाऊल थांबण्याची त्याची हातोटी कुठल्या घड्याळात मोजायची? जेंटी इंडियानापोलिसमध्ये ती धाव धावलाच नाही. शहाणपणाच केला.

या पारखीची सगळी फजिती एकाच साली पाहायची असेल तर 1995 चा ड्राफ्ट काढावा. पहिलाच क्रमांक पेन स्टेटचा की-जाना कार्टर. पूर्वतयारीच्या पहिल्या सामन्यात, तिसऱ्याच धावेला त्याचा गुडघा गेला. कारकीर्दभरात यार्ड झाले 1,144. चौऱ्याहत्तरावा कर्टिस मार्टिन, 14,101 यार्ड. एकशे शहाण्णवावा, सहाव्या फेरीतला टेरेल डेव्हिस. 1998 च्या एका हंगामात त्याचे 2,008. हे शेवटचे दोघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. कार्टरच्या निवडीला चूक म्हणणं अन्यायाचं होईल. पारखीत गुडघा फुटणार हे कसं दिसावं?

वैद्यकीय तपासणी हे कंबाइनचं मूळ कारण, आणि तिथेही शेवटी अंदाजच. सॅन फ्रान्सिस्कोने 2005 मध्ये दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट कॉलेजातच फाटलेला फ्रँक गोर तिसऱ्या फेरीत घेतला. तो सोळा हंगाम खेळून बरोबर 16,000 यार्डांवर थांबला. त्याच क्लबने 2013 मध्ये असाच जायबंदी मार्कस लॅटिमोर चौथ्या फेरीत घेतला. तो एकही सामना न खेळता निवृत्त झाला.

निव्वळ पारखीची चूक पाहायची तर ट्रेंट रिचर्डसन. अलाबामा विद्यापीठाच्या लाइनमागे तो अडवता न येणारा वाटे. तिथल्या वाटा इतक्या रुंद होत्या की अरुंद फट त्याला दिसते का, हे फारसं तपासलंच गेलं नाही. 2012 मध्ये क्लीव्हलँडने तो तिसऱ्या क्रमांकावर घेतला, पहिल्या वर्षी धावेमागे 3.6 यार्ड मिळाले आणि पुढच्याच सप्टेंबरमध्ये त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं. याच सुमारास क्लबांनी हात आखडता घेतला. 2013 आणि 2014 मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही, 2024 मध्येही नाही.

आणि सेक्वॉन बार्कली? 2018 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. (तोही पेन स्टेटचाच, या गोष्टीत ते विद्यापीठ पाठ सोडत नाही.) जायंट्सकडे शेवटच्या, 2023 च्या हंगामात त्याचे 962 यार्ड, धावेमागे 3.9. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात, लीगमधल्या उत्तम लाइनींपैकी एकीच्या मागे, 2,005 यार्ड, धावेमागे 5.8 आणि सुपर बोल. पाय तेच होते. 2018 मध्ये त्याची शिफारस करणाऱ्याने माणूस अचूक ओळखला होता. क्लबने त्याच्यापुढे पाच माणसं धड उभी केली नाहीत. पारख बरोबर आणि निवड चूक, असं एकाच वेळी होऊ शकतं, आणि क्लब या दोन गोष्टी सर्रास एकच समजतात.

जेंटीला लास वेगास रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर घेतलं, चार वर्षांचे सुमारे 3.6 कोटी डॉलर देऊन. 2024 मध्ये धावून मिळवलेल्या यार्डांत हा क्लब बत्तिसांत शेवटचा होता, सामन्यामागे 79.8. त्याच ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, 98 आणि 99 क्रमांकांवर, त्यांनी लागोपाठ दोन लाइनमन घेतले. जेंटीबद्दलची त्यांची पारख मला पटते. सहाव्या क्रमांकावर मात्र मी लाइनमनच घेतला असता.