ऑस्करचा संसार

दुकानात ऑस्कर मासा बोटाएवढा दिसतो आणि लोक तो छोट्या टाकीसाठी घरी नेतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा टाकीतही 30 सेंटीमीटरपर्यंत वाढतो. जोडीला किमान चारशे लिटर पाणी हवंच; त्याहून कमी देणं मला क्रूरपणा वाटतो. कारण साधं आहे. ऑस्कर भरपूर खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. म्हणून फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यात धुऊ नये, जिवाणू मरतात. साठलेलं नायट्रेट काढायला दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं.

नर-मादी बाहेरून ओळखू येत नाहीत. त्यामुळे पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवून त्यांनाच जोडी निवडू द्यावी. जमलेली जोडी सपाट दगड तोंडाने घासून लख्ख करते. मादी त्यावर शेकडो अंडी चिकटवते, नर ती फलित करतो. 27 अंशांच्या आसपास दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. तोवर दोघंही पंखांनी वारा घालत पहारा देतात, काचेजवळ आलेल्या हातावरही धावून जातात! पिल्लांना सुरुवातीला आर्टेमिया या कोळंबीसारख्या चिमुकल्या जिवाची नुकती जन्मलेली पिल्लं द्यावीत. जास्तीची पिल्लं मात्र नदीत किंवा तळ्यात कधीही सोडू नयेत. तिथले देशी मासे हा शिकारी फस्त करू शकतो.